आपल्या आवाजावर पीएचडी कोण करणार?

एप्रिल जवळ आला की आरोग्याच्या पानावर डीजेविषयी एक लेख ठरलेला असतो. आवाज कमी ठेवा, आजारी माणसांचा विचार करा, कानात कापूस घाला. वाचक बंधू-भगिनी वाचतात, मान हलवतात, आणि १४ तारखेला क्रांती चौकापासून भडकल गेटपर्यंत तेच बेस, तेच टॉप आणि तोच दणका असतो. यंदा मी उपदेश बाजूला ठेवून एक मागणी करणार आहे. आपल्या या आवाजावर आपल्याच वस्तीतल्या एखाद्या मुलीने किंवा मुलाने पीएचडी करावी. त्यासाठी तिला पूर्ण अधिछात्रवृत्ती मिळावी. आणि सरकारी पैसा यायला उशीर होत असेल, तर जयंती मंडळांनी वर्गणीतून वाटा काढून तिला उभे करावे.

हे बोलून दाखवले तेव्हा एका मंडळाचा अध्यक्ष मला म्हणाला, "ताई, डीजेवर काय पीएचडी करायची? डीजे वाजवायचा असतो." त्याला तिथे उभ्या उभ्या उत्तर देता आले नसते. लांबचे उत्तर आहे, म्हणून लिहिते आहे.

सुरुवात कानापासून करू. कानाच्या आत, हाडात दडलेली, गोगलगाईच्या शंखासारखी गुंडाळलेली एक नळी असते. सगळी मिळून वाटाण्याएवढी. तिच्यात सुमारे १५ हजार केसपेशी असतात. आवाज आत आला की या पेशींवरची बारीक लव वाकते आणि मेंदूकडे संदेश जातो. गवतावरून चार माणसे चालत गेली तर गवत दबते आणि सकाळपर्यंत पुन्हा उभे राहते. त्याच वाटेने रोज ट्रॅक्टर गेला तर तिथे गवत उगवतच नाही. मिरवणुकीनंतर रात्री कानात शिट्टी वाजते, कान भरल्यासारखे वाटतात, ते दबलेले गवत. दोन दिवसांनी बरे वाटते म्हणून आपण विसरतो. पण दरवर्षी, दर हळदीला, दर वरातीला तेच घडले तर काही पेशी कायमच्या जातात. माणसाच्या कानात गेलेली केसपेशी पुन्हा येत नाही. त्यावर औषध नाही, ऑपरेशन नाही.

सगळ्यात आधी बारीक, उंच पट्टीचे आवाज जातात. स, श, फ, थ या अक्षरांची धार त्याच पट्टीत असते. त्यामुळे अशा माणसाला आवाज येतो, पण बोलणे कळत नाही. घरात भांडणे होतात. बायको म्हणते, "किती वेळा सांगू?" तो म्हणतो, "नीट बोल ना, तोंडातल्या तोंडात काय बोलतेस?" दोघांनाही वाटते की समोरच्याचे चुकते आहे. वर्गात मागच्या बाकावर बसलेल्या मुलाला सरांचे अर्धे वाक्य कळत नाही आणि सर म्हणतात, याचे लक्ष नाही. पोलीस, सैन्य, रेल्वे या भरत्यांच्या वैद्यकीय तपासणीत कानही तपासतात, हे बहुतेक मुलांना तिथे गेल्यावरच कळते.

आता आकडे. डेसिबलचा हिशेब किलो-लिटरसारखा चालत नाही. आकडा ३ ने वाढला की आवाजाची ऊर्जा दुप्पट होते आणि कानाला झेपणारा वेळ निम्मा होतो. जागतिक आरोग्य संघटनेचे मोठ्या माणसांसाठीचे माप असे आहे: ८० डेसिबल आठवड्याला ४० तास, ९० डेसिबल आठवड्याला ४ तास, आणि १०० डेसिबल आठवड्याला फक्त २० मिनिटे. डीजेच्या भिंतीसमोर १०० सहज ओलांडले जातात. म्हणजे आठवड्याचा कोटा चार गाण्यांत संपतो आणि आपली पोरे चार-पाच तास नाचतात. १२ ते ३५ वयाच्या १०० कोटींहून अधिक तरुणांच्या कानांना मोठ्याने गाणी ऐकण्याच्या सवयीमुळे धोका आहे, असे ही संघटना सांगते. त्यातले बरेच जण हेडफोनवाले आहेत. आपली पोरे हेडफोन लावूनही ऐकतात आणि भिंतीसमोरही नाचतात.

कायद्याचे आकडे वेगळे आहेत आणि इथे आपल्याकडे नेहमी गल्लत होते. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर बंद. वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस राज्य सरकार रात्री १२ पर्यंत सूट देऊ शकते, पण ती वेळेची सूट आहे, डेसिबलची नाही. ही ५५ ची मर्यादा झोप आणि शांतता राहावी म्हणून आहे. कान फुकट जाण्याचा आकडा त्याच्या कितीतरी वर आहे. ५५ चा नियम मिरवणुकीत कोणीच पाळत नाही, गणपतीत नाही की लग्नात नाही, म्हणून तरुणांना सगळाच नियम थोतांड वाटतो आणि त्या नादात कानाचा खरा आकडाही कचऱ्यात जातो.

इथपर्यंतचे कोणताही कानाचा डॉक्टर सांगेल. पण डॉक्टरांच्या लेखात आपला आवाज "समस्या" म्हणूनच येतो. पोलिसांच्या कागदात तो "गुन्हा" म्हणून येतो. तो आपल्यासाठी काय आहे, हे त्या कागदांत कुठेच नसते.

बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी काढलेल्या पहिल्या पाक्षिकाचे नाव 'मूकनायक' होते. ज्यांना बोलायची मुभा नव्हती त्यांचा नायक. त्यानंतर आंबेडकरी जलसे आले. भीमराव कर्डकांसारखे शाहीर ढोलकी, डफ, तुणतुणे घेऊन गावोगाव गेले. तेव्हा माइक नव्हता. शेवटच्या रांगेतल्या म्हातारीला ऐकू जाईल एवढा गळा कमवावा लागे. मग वामनदादा कर्डक आले, विठ्ठल उमप आले, प्रल्हाद शिंदे आले. भोंगा आला, ध्वनिमुद्रिका आल्या, कॅसेटी आल्या. ज्यांचे गाणे रेडिओवर क्वचित लागायचे त्यांच्या घरात टेपरेकॉर्डर आला आणि गल्ली आपल्या आवाजाने भरली. त्याच वाटेवर पुढे बेस आणि टॉपची भिंत उभी आहे.

आणि हा आवाज फुकट मिळालेला नाही. मे २०१५ मध्ये शिर्डीत नर्सिंगच्या एका विद्यार्थ्याचा खून झाला. वाद कशावरून? त्याच्या मोबाइलवर बाबासाहेबांच्या गाण्याची रिंगटोन वाजली, यावरून. तो आवाज किती डेसिबलचा असेल? १ जून २०२३ रोजी नांदेडजवळच्या बोंढार हवेलीत एका तरुणाला मारले गेले. गावात जयंती साजरी झाल्याचा राग त्यामागे होता, असा आरोप आहे. वरातीत वाजंत्री वाजवली, मंदिरासमोरून मिरवणूक नेली म्हणून झालेल्या मारहाणी तर मोजता येणार नाहीत. अॅट्रॉसिटी कायद्यात २०१५ साली झालेल्या आणि २६ जानेवारी २०१६ पासून लागू असलेल्या दुरुस्तीत लग्नाची वरात, सामाजिक-सांस्कृतिक मिरवणूक अडवणे हा स्वतंत्र गुन्हा म्हणून लिहावा लागला. कायद्यात एखादी गोष्ट उगाच लिहिली जात नाही.

म्हणून कोणी "आवाज कमी करा" म्हटले की आमच्या पोरांच्या कानात एक जुना हुकूम वाजतो. डॉक्टर डेसिबलविषयी बोलत असतो, पोरगा इज्जतीविषयी ऐकत असतो. दोघांचे बोलणे एकमेकांपर्यंत पोहोचतच नाही. आरोग्याचा उपदेश दरवर्षी वाया जातो तो यामुळे, असे माझे मत आहे.

ही गोष्ट फक्त आपल्याकडची आहे असेही नाही. जमैका नावाच्या बेटावर, किंग्स्टन शहरातल्या गरीब काळ्या वस्त्यांत १९५० च्या सुमारास हेच सुरू झाले. श्रीमंतांच्या क्लबात प्रवेश नाही, रेडिओवर आपले गाणे नाही, मग लोकांनी मोठमोठे स्पीकरचे खोके बांधले आणि रस्त्यावर नाच मांडला. त्याला तिथे साउंड सिस्टिम म्हणतात. दोन साउंड सिस्टिम समोरासमोर उभ्या राहून एकमेकांना हरवतात, त्याला म्हणतात साउंड क्लॅश. आपल्या चौकात दोन मंडळांचे डीजे समोरासमोर आल्यावर जी कॉम्पिटिशन होते, तीच. मेक्सिको, कोलंबिया, ब्राझील इथल्या गरीब वस्त्यांतही रंगवलेल्या स्पीकरच्या भिंती आहेत आणि प्रत्येक भिंतीचे चाहते आहेत.

फरक एवढाच की त्यांच्या भिंतींवर संशोधन झाले. लंडनच्या गोल्डस्मिथ्स महाविद्यालयातले ज्युलियन हेन्रिक्स यांनी जमैकाच्या साउंड सिस्टिमवर २०११ मध्ये पुस्तक लिहिले. साउंड लावणारा माणूस नुसता हमाल किंवा मेकॅनिक नसतो, तो कानाने विचार करतो, त्याचे ज्ञान हेही ज्ञान आहे, ही त्या पुस्तकाची मांडणी. पुढे त्यांच्याच नेतृत्वाखाली जगभरच्या रस्त्यावरच्या आवाजावर एक मोठा प्रकल्प झाला आणि त्याला युरोपियन संशोधन परिषदेने पैसा दिला. आता सांगा, डीजेवर पीएचडी होत नाही?

आपल्याकडे भीमगीतांच्या शब्दांवर लिहिले गेले आहे. 'अस्मितादर्श' याच शहरातून निघाले, गंगाधर पानतावणे सरांनी लिहिती पिढी घडवली. शर्मिला रेगे यांनी जलसे आणि गाण्याच्या पुस्तिका यांच्याकडे गंभीरपणे पाहायला शिकवले. पण शब्दांवरून नजर हलून खोक्यावर, अॅम्प्लिफायरवर, ट्रॉलीवर आणि मिक्सरमागे उभ्या असलेल्या पोरावर येत नाही. संशोधन म्हटले की आपल्याला पुस्तकच आठवते.

तो मिक्सरमागचा पोरगा बघा. लग्नसराई, गणपती, नवरात्र, जयंती, सगळीकडे तोच असतो. लोक चार तास नाचून घरी जातात, तो हंगामात रोज आठ-दहा तास भिंतीजवळ उभा असतो. त्याचे ज्ञान कमी नाही. गल्ली अरुंद असली की बेस कुठे तोंड करून लावायचा, पत्र्याच्या घरांजवळ काय होते, आवाज कधी फाटतो, हे त्याला मीटर न लावता कळते. आवाज फाटू लागला की तो धावत जाऊन गेन कमी करतो, नाहीतर टॉपचा डायफ्राम उडतो आणि मालक पगारातून पैसे कापतो. यंत्राच्या पडद्याची एवढी काळजी, आणि त्याच्या कानातल्या पडद्याची कोणालाच नाही. टॉपचा डायफ्राम बाजारात नवा मिळतो.

भगवान बुद्धांनी सोण कोळिविसाला वीणेच्या तारांचा दाखला दिला होता, तो आपल्या विहारात नेहमी सांगितला जातो. तार फार ताणली तरी सूर येत नाही, फार सैल सोडली तरी येत नाही. सोण स्वतः वीणा वाजवणारा होता, म्हणून त्याला त्याच्याच हातातले उदाहरण दिले. आरोग्याचे शिक्षण देताना मला ही पद्धत फार महत्त्वाची वाटते. ऑपरेटरला "डीजे वाईट आहे" सांगून तो ऐकणार नाही. आवाज फाटण्याच्या आधी कान फाटतो, हे त्याच्या मीटरवर दाखवले तर तो ऐकेल.

आता दुसरे कारण, आणि हे मला सगळ्यात जास्त टोचते. आपल्या वस्त्यांतली किती माणसे वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा इथल्या कारखान्यांत जातात ते मोजून पाहा. प्रेसशॉप, कटिंग, ग्राइंडिंग, कॉम्प्रेसरची खोली. कारखान्यांसाठी ८ तासांना ९० डेसिबलची मर्यादा आहे आणि त्यापुढे कानाचे संरक्षण द्यावे लागते. कंत्राटी कामगाराला ते मिळते का, हे तुम्ही घरातच विचारा. आवाजाने येणारा बहिरेपणा हा कामगार कायद्यांत नोंद करायचा आजार आहे. कामामुळे होणारा आजार म्हणूनही तो कायद्यात लिहिलेला आहे. म्हणजे भरपाई मागता येते.

पण समजा पंचेचाळीस वर्षांचा आपला एक भाऊ ती मागायला गेला. समोरचा साहेब त्याला विचारू शकतो, "तुम्ही जयंतीत डीजेसमोर नाचता ना?" मग कारखान्याने घेतलेले कान जयंतीच्या नावावर जमा होतील. त्या वेळी आपल्या हातात काय असेल? वर्षातले तीनशे दिवस आठ तास प्रेसजवळ उभा राहिलेला माणूस आणि वर्षातले चार-सहा दिवस नाचलेला माणूस, यांच्या कानांत काय फरक पडतो, हे सांगणारा आपल्या वस्तीतला अभ्यास हवा. कान सगळीकडचा आवाज एकाच वहीत लिहून ठेवतो. वहीतल्या नोंदी वेगळ्या करून दाखवणे हे संशोधकाचेच काम आहे. ते आपण केले नाही, तर दुसरे कोणीतरी त्यांच्या सोयीने करेल.

यासाठी पैसा कुठून येणार? बाबासाहेब १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले ते सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर. महिन्याला साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी. त्या साडेअकरा पौंडांतून काय उभे राहिले ते आपण जाणतोच. आज बार्टीची डॉ. बाबासाहेब आंबेडकर राष्ट्रीय संशोधन अधिछात्रवृत्ती आहे, अनुसूचित जातींसाठीची केंद्राची राष्ट्रीय अधिछात्रवृत्ती आहे, यूजीसीची कनिष्ठ अधिछात्रवृत्ती आहे. त्या शेवटच्या अधिछात्रवृत्तीची रक्कम २०२३ पासून दरमहा ३७ हजार रुपये आहे. मात्र बार्टीच्या अधिछात्रवृत्तीसाठी आपल्या विद्यार्थ्यांना मुंबईच्या आझाद मैदानावर आंदोलने करावी लागली, हेही विसरता येणार नाही. संशोधन करायला घेतलेली मुले मैदानात बसून राहिली. गरिबाच्या घरातल्या मुलीचा एक हप्ता सहा महिने लांबला, तर सातव्या महिन्यात घरचे लोक तिच्यासाठी स्थळ बघायला लागतात.

म्हणून मी मंडळांना हिशेबाची वही उघडायला सांगते. गेल्या जयंतीत साउंड, जनरेटर आणि ट्रॉलीचे भाडे किती झाले? त्या आकड्याशेजारी ३७ हजार लिहून पाहा. एका मंडळाला पेलणार नाही हे मलाही कळते. पण दहा मंडळांनी प्रत्येकी थोडे बाजूला काढले, तर अधिछात्रवृत्ती येईपर्यंत एका संशोधकाचा खर्च निघतो. भिंत एका थराने कमी झाली तरी मिरवणूक मिरवणूकच राहते. पोरे रागावतील, रागावू देत.

विषय विद्यापीठात नोंदवताना अडचण येईल, ती येणारच. समाजशास्त्राचे मार्गदर्शक म्हणतील हा विषय वैद्यकीय आहे, वैद्यकीयवाले म्हणतील हा सांस्कृतिक आहे, भौतिकशास्त्रवाले यंत्र कोणते आहे ते विचारतील. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ आणि घाटी रुग्णालय यांत फार तर अर्ध्या तासाचा रस्ता आहे. मार्गदर्शक विद्यापीठाचा आणि सहमार्गदर्शक घाटीच्या कान-नाक-घसा विभागातला, अशी जोडी जमू शकते. त्या विद्यार्थिनीने आवाज मोजण्याचे प्रमाणित यंत्र वापरावे. मोबाइलमधले अॅप अंदाजापुरते ठीक आहे, पण मोठ्या आवाजाला फोनचा माइक दबून जातो आणि आकडा खोटा येतो. मिरवणुकीआधी आणि नंतर त्याच माणसांची ऑडिओमेट्री करावी. ऑपरेटर, हलगीवाले, बँडवाले, प्रेसशॉपमधले कामगार आणि डीजेपासून लांब राहणारे, असे गट घ्यावेत. प्रदूषण नियंत्रण मंडळ सणासुदीला चौकातला आवाज मोजते. आपल्याला कानातला मोजायचा आहे.

आणि घरातल्या बायकांना विचारावे. हे मी मुद्दाम लिहिते. जयंतीत आपल्या बायका-मुली पांढऱ्या साड्या नेसून पुढे असतात, नाचतात, तो त्यांचाही दिवस आहे. पण बेसचा आवाज भिंतीतून, पत्र्यातून आत येतो. खिडकी लावून तो थांबत नाही, कारण बारीक आवाज अडवता येतो आणि जाड आवाज अडत नाही. आत बाळंतीण असते, रक्तदाबाची गोळी घेऊन पडलेले आजोबा असतात, एप्रिल-मेच्या परीक्षेची पुस्तके घेऊन बसलेली मुलगी असते. "आवाज नको" असे त्या म्हणत नाहीत, कारण तसे म्हटले की समाजाच्या विरोधात बोलल्यासारखे होते. किती आवाजापर्यंत आनंद वाटतो आणि कुठून पुढे त्रास सुरू होतो, हे त्यांच्याशी घरात बसून, चहा पीत बोलले तरच कळेल. बाहेरून आलेल्या माणसाला त्या सांगणार नाहीत. म्हणूनच म्हणते, संशोधक आपल्यातली हवी.

एक आक्षेप मला ठाऊक आहे. "ताई, सगळ्यांच्या मिरवणुका वाजतात, नोटीस मात्र आपल्यालाच येते." या तक्रारीत तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. पण तथ्य आहे हे सिद्ध कशाने होते? गणेश विसर्जनाचा आवाज किती, उरुसाचा किती, लग्नाच्या लॉनचा किती, आपल्या जयंतीचा किती, आणि गुन्हे कोणावर किती दाखल झाले, हे तारीखवार मांडणारा प्रबंध असेल, तर तो न्यायालयात ठेवता येतो. तोंडी तक्रार ठेवता येत नाही. आणि कानाला ही भांडणे कळत नाहीत. नोटीस दुसऱ्याला आली म्हणून आपल्या पोराची केसपेशी वाचत नाही.

प्रबंध व्हायला चार-पाच वर्षे लागतील. जयंती दरवर्षी येते. तोवर काही गोष्टी कराव्यात. दोन-तीन वर्षांच्या लेकराला खांद्यावर बसवून भिंतीसमोर उभे राहू नये. अंतर दुप्पट केले की मोकळ्या जागेत आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. गल्लीत दोन्ही बाजूंच्या भिंतींमुळे तेवढा उतरत नाही, म्हणून गुलमंडीसारख्या दाट रस्त्यावर जास्त लांब राहावे. नाचणाऱ्यांनी अर्ध्या-पाऊण तासाने मागे जावे, पाणी प्यावे, कानाला उसंत द्यावी. कापसाने फारसा फरक पडत नाही. मेडिकलमध्ये मिळणारे फोमचे बोळे स्वस्त असतात. ते बोटांनी दाबून बारीक करून, कान वर ओढून आत घालायचे आणि फुगेपर्यंत धरायचे. असे नीट बसवले तर आवाज बराच उतरतो आणि गाणे तरीही ऐकू येते. ऑपरेटरला मंडळाने अंगात घालायला टी-शर्ट देण्याऐवजी हे बोळे आणि वर इअरमफ द्यावा, आणि दर तासाला त्याच्या जागी दुसरा माणूस उभा करावा.

मिरवणुकीनंतर कानात शिट्टी वाजत असेल तर तेल घालू नका, काडी घालू नका. एक-दोन दिवसांत ती गेली नाही, तर कानाच्या डॉक्टरकडे जा. एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले, तर दुसऱ्या दिवसाचीही वाट बघू नका. अशा वेळी उपचार पहिल्या काही दिवसांत सुरू झाले तरच उपयोग होण्याची शक्यता जास्त असते. घाटीत सकाळी केसपेपर काढून कान-नाक-घसा विभागात जा आणि ऑडिओमेट्री करून द्या असे स्पष्ट सांगा. जो कागद मिळेल तो जपून ठेवा. कारखान्यात जाणाऱ्यांनी तर हा कागद वर्षाला एकदा करून फाइलला लावावाच. उद्या भरपाई मागायची वेळ आली तर तोच उपयोगी पडेल.

मंडळांच्या बैठका आता सुरू होतील. वर्गणी ठरेल, साउंड ठरेल, किती बेस किती टॉप यावर रात्री दोनपर्यंत वाद होतील. त्याच बैठकीत संशोधनाच्या वाट्याचा विषय मांडा. आणि वस्तीत कोणी एम.ए., एम.एस्सी., एमएसडब्ल्यू करून नेट-सेटचा अभ्यास करत घरी बसली असेल, तर तिला त्या बैठकीला बोलवा. खुर्ची पुढे द्या.